पहिल्या पोळीचा मान

तव्यावरची पहिली पोळी. कुंडलीतला मंगळ. रामकुंडावर वाळणारं धोतर. बीजगणित.

या चारांत मी कुठेतरी आहे. थांबा, सापडेन.

धोतर अण्णांचं, ते यात्रेकरूंचे उपाध्ये. पोळी माझी, कारण मी थोरला मुलगा. ती खाऊन मी मॅट्रिकला दोनदा आपटलो. मंगळ अक्काला, म्हणजे माझ्या बहिणीला, उत्तराला. त्यापायी तिचं लग्न अडलेलं. बीजगणित खरं माझं, पण ते यायचं अक्काला. घरी बसून ती मला शिकवायची आणि मी तिला चुका पुरवायचो.

१९३६ साली धाकटा ढुंढिराज माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर आला. मास्तर म्हणाले, "सरका वेणीमाधवपंत. पुढल्या खेपेला मुलाला घेऊन या."

वर्ग हसला. अण्णा हसले नाहीत. जेवताना म्हणाले, "थोरल्याआधी धाकट्याचं लग्न झालं तर दोष लागतो. मग परीक्षेचा का लागू नये? वेणू पास होईपर्यंत ढुंढ्या बसणार नाही."

ढुंढिराज रडकुंडीला आला. "अण्णा, म्हणजे मी कधीच नाही!"

मी मोठेपणाने मान डोलावली. शास्त्राला माझी इतकी काळजी आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

अक्का पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मग वेणूलाही बसता येणार नाही. त्याच्याआधी मी आहे."

"मुलींना हा नियम नाही," मी घाईघाईने म्हणालो.

"तुला मुलगी सांगून आली, तेव्हा अण्णाच म्हणाले होते ना, आधी उत्तराचं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोळीकडे पाहिलं.

मग अण्णा पाणी प्यायले आणि पुटपुटले, "तिघंही एकदम बसा. म्हणजे मागेपुढे काही राहत नाही."

अक्का शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसली.

निकाल. अक्का पास. ढुंढिराज पास. मी थोरला, मी घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी अक्काला आमच्या पंगतीत बसवलं आणि आईला म्हणाले, "पहिली तिला." माझ्यापर्यंत आली ती तिसरी. जरा करपलेली होती. लागली बरी.

अक्का जन्मली तेव्हा घरात साखर वाटली नव्हती.