माझ्याच निर्णयाविरुद्धचा अर्ज

कायदा आणि आंतरराष्ट्रीय संबंध असा आमचा पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम होता. चौथ्या वर्षी निवडलेल्या मुलांना तीन महिने दुसऱ्या देशात, एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कचेरीत पाठवत. ते केलं तर दोन्ही पदव्या, नाहीतर नुसती कायद्याची. माझं नाव यादीत लागलं तेव्हा माझी मुलगी चिमणी चौदा महिन्यांची होती.

घरून आडकाठी नव्हतीच. सासूबाईंनी तीन महिन्यांचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. नवरा चिमणीला झोपवायला शिकला. पहिल्या दिवशी त्याला तास लागला, चौथ्या दिवशी दहा मिनिटं. मी दाराआड उभी होते. ती माझ्यासाठी एकदाही रडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठात, आमच्या खात्यात जाऊन माघारीचा अर्ज भरला.

कारकुनांनी चष्म्यावरून पाहिलं. "घरची अडचण का, ताई?"

"नाही."

"तब्येत?"

"नाही. वैयक्तिक लिहा."

"सगळे तेच लिहितात. बरं, यादी सोमवारी वर जाते. तोवर हा कागद माझ्याकडेच आहे. वाटलं तर येऊन घेऊन जा."

घरी मात्र मी सांगितलं, की खात्यानेच नाव काढलं, लहान मूल असलेल्यांना पाठवत नाहीत. वाटलं होतं, सासूबाई हळहळतील आणि विषय संपेल. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली.

"कोण म्हणालं असं?"

"खातं."

"खात्याला तोंड असतं का? माणसाचं नाव सांग. आणि कायदा शिकवतात ना तिथे, की नुसती पाटी लावलीय?"

"जाऊ द्या ना, आई."

"का म्हणून? ती जाडजूड पुस्तकं काय उशाला घ्यायला आणलीस? बस इथे. अर्ज लिही."

नवऱ्याने मुकाट्याने कागद आणून दिला. समानतेचं तत्त्व, मातृत्वावरून भेदभाव, बाजू न ऐकता दिलेला निर्णय... एकेक मुद्दा असा सुचत गेला की हात थांबेना. चार वर्षांत इतकं चांगलं मी काही लिहिलं नव्हतं. सासूबाईंनी तो मोठ्याने वाचून घेतला आणि म्हणाल्या, "आता बघू कसे नाही म्हणतात ते."

सोमवारी मी तो अर्ज पिशवीत घालून निघाले आणि दोन तास वाचनालयात बसून राहिले. कारकुनांची खोली समोरच्याच जिन्यावर होती. 'कागद परत द्या' एवढंच म्हणायचं होतं. पण चिमणीला माझ्यावाचून चाललं असतं, आणि तेच मला चालत नव्हतं. हे कुणाला कसं सांगायचं ते मला कळेना.

घरी मी अर्ज दिला म्हणूनच सांगितलं. शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही, तेव्हा सासूबाई चिमणीला कडेवर घेऊन, कुणाला न सांगता खात्यात गेल्या. दुपारी परतल्या. चपला काढल्या, पाणी प्यायल्या. कारकुनांनी त्यांना माझ्या सहीचा कागद दाखवला होता. माझ्या जागी यादीतली पुढची मुलगी चालली होती.

"त्या माणसाला मी नाही नाही ते बोलले," त्या म्हणाल्या. "बिचारा ऐकून घेत होता."

"मी माफी मागते त्यांची."

"माग." चिमणीला त्यांनी माझ्याकडे दिलं. "अगं, पाय निघत नाही म्हणाली असतीस. मी हसले असते का?"

मग त्या आत गेल्या. आपल्या मुलाला, माझ्या नवऱ्याला, त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

चिमणी आता साडेतीन वर्षांची आहे. माझ्याकडे एकच पदवी आहे. नवरा अजूनही चारचौघांत तावातावाने सांगतो, की खात्याने हिच्यावर केवढा अन्याय केला. त्या वेळी सासूबाई उठून आत जातात, आणि मी विषय बदलायची वाट बघत बसते.