मागच्या रांगेपर्यंत

माइकसर व्यासपीठाखाली पालथे पडून वायर चाचपत होते. वर विभागप्रमुख बाई पाहुण्यांना सांगत होत्या,

"यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही."

सरांना तिथून बाईंच्या फक्त चपला दिसत होत्या. त्यांनी चपलांकडे बघूनच नम्रपणे मान हलवली.

तसे ते प्राणिशास्त्राचे व्याख्याते. पण रुजू झाल्या झाल्या सभागृहातला बंद पडलेला माइक त्यांच्या हातून चालू झाला आणि विद्यापीठानं त्यांच्यातला गुण हेरला. रस्त्यावरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे आले, तशी दिव्यांखालची पाखरं का घटली, यावर त्यांचा निबंध तयार होता. तयार म्हणजे, "घाई कशाला, मुरू द्या," असं बाई म्हणाल्या तेव्हापासून मुरत होता. सहकारी अधूनमधून आस्थेनं चौकशी करत.

"काय माइकसर, पाखरं मोजून झाली का? एखादं निसटलं असेल हो, पुन्हा बघा."

सर हसत. घरी जाऊन पुन्हा बघत.

आजची कार्यशाळा संशोधनाला प्रेरणा देण्यासाठी होती. सकाळी बायको म्हणाली होती,

"निबंध बॅगेत घातलाय. आपला उगाच."

"मला कोण विचारणार आहे तिथं?"

"म्हणून तर उगाच म्हटलं."

आणि दुपारी विचारलं. एका वक्त्याची गाडी वाटेत बंद पडली. सभागृह भरलेलं. बाई लगबगीनं जवळ आल्या.

"तुमचं ते पाखरांचं आहे ना? वाचून टाका. छान आहे खरं तर ते."

छान आहे, हे इतक्या वर्षांत बाई पहिल्यांदाच बोलल्या. सर बॅग घेऊन व्यासपीठावर चढले. समोर सहकारी हाताची घडी घालून बसले होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर निदान सवयीचं वाटलं असतं.

सरांनी पहिलं पान उघडलं. पहिल्याच आकड्यावर नजर अडकली. एखादं निसटलं असेल. त्यांनी घसा खाकरला, घोटभर पाणी घेतलं, पुन्हा आकड्याकडे पाहिलं. मग माइकवर हलकेच टिचकी मारली.

"मागे ऐकू येतंय का?"

मागच्या रांगेतून हात वर झाले.

"स्वच्छ येतंय, सर."

सरांनी पान मिटलं.

"ठीक आहे तर. बाहेर चहा तयार आहे. पुढचं सत्र चहानंतर."

आभार मानताना बाईंनी ध्वनिव्यवस्थेचा खास उल्लेख केला. टाळ्या झाल्या, अगदी मनापासून. सरांनी उठून मान लववली आणि वायर कोपराभोवती गुंडाळायला घेतली.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती.

"विचारलं का कोणी?"

"विचारलं."

"मग?"

"आवाज पार मागपर्यंत गेला."

तिनं त्यांच्या हातातून बॅग घेतली. सकाळी होती तेवढीच जड लागली.