विहिरीतला निळा दगड

विहिरी खोदणारा मोहियोद्दीन सेनगावहून तो दगड रुमालात गुंडाळून घेऊन आला, तेव्हा रेवतीच्या कॉलेजात परीक्षेची धावपळ होती. हिंगोलीत ती भूगर्भशास्त्र शिकवायची. पांढऱ्या स्फटिकांवर गर्द निळे झुबके होते. "मोरचूद असेल. ठेवून जा," ती म्हणाली.

सुट्टीत तिनं तो तपासायला पुण्याला पाठवला. महिन्याभरात अहवाल आला: कॅव्हन्साइट. व्हॅनेडियम असलेलं दुर्मीळ खनिज, काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत, तेही मोजक्याच ठिकाणी तयार होणारं. रेवतीनं लेख लिहिला. 'क्षेत्रभेटीत लेखिकेला आढळले' या वाक्याशी ती अडखळली, पण खोडलं नाही. लेख छापून आला, सत्कारही झाला.

मग पुण्याचे अभ्यासक जागा बघायला येतो म्हणाले. जागा तिनं पाहिलीच नव्हती. तिनं सेनगावची जीप धरली.

मोहियोद्दीननं अंगणात खुर्ची टाकली. "ती विहीर बांधून झाली, मॅडम. पस्तीस फुटांवर पोकळी लागली व्हती, घमेलंभर निळे खडे निघाले. आमची मुन्नी त्याच्यासंगं खेळायची. तुमी मोरचूद म्हनल्या, मंग घरात इख काहून ठेवायचं? हिसकून घेतलं अन् विहिरीच्या भरावात टाकलं. पोरगी दोन दिवस जेवली न्हाई."

रेवतीनं मान खाली घालून सगळं सांगितलं. लेखातलं ते वाक्यसुद्धा.

"मोरचूद न्हाई, हे कधी कळलं तुमाला?"

"महिन्याभरात."

"एक फोन करायचा व्हता." त्याचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तुमचं नाव छापायला लावते."

"लावा, बराबर हाय ते. पन मुन्नीला तुमीच सांगा. बापानं उगंच हिसकलं, असं तिला वाटून राहिलं."

आठ-नऊ वर्षांची मुन्नी दारात आली. रेवती खुर्चीवरून उठून तिच्यासमोर खाली बसली. "तो दगड विषारी नव्हता, बाळा. मी नीट न बघताच सांगितलं. अब्बांची चूक नाही."

"मंग आता आनून द्या," मुन्नी म्हणाली.



नियतकालिकाच्या पुढच्या अंकात दुरुस्ती आली, मोहियोद्दीनच्या नावासह. तो अंक घेऊन सेनगावला जायचं तिनं दोनदा ठरवलं. शेवटी पोस्टानं पाठवला.