लोणच्याची सोळा पानं

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. त्यातही भाग दुसरा आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. भाग दुसरा म्हणून जगणं सोपं नसतं. जो तो उचलतो, पुठ्ठा बघतो आणि विचारतो, "पहिला कुठाय?" जन्मभर मला थोरल्या भावाचा पत्ता विचारला गेला. तो मलाही ठाऊक नव्हता.

माझा लेखक पैठणच्या धरणावर कारकून होता. दिवसभर समोर धरणाची भिंत. ती बघून बघून त्याला भिंतीचीच गोष्ट सुचली. येणाऱ्या काळातलं एक शहर, भोवती उंच भिंत, आत कारखाने आणि कारखान्यांत डांबलेली मुलं. मुलांची नावं काढून घेतलेली, त्या जागी नंबर. पहिल्या भागाच्या शेवटी एकतीस नंबरची मुलगी सुटते. माझ्या पहिल्याच पानावर ती पुन्हा पकडली जाते. लेखकाला दुसरा भाग लिहायचा होता, त्याला ती तरी काय करणार?

गोष्ट काळोखी आहे, हे मला मान्य आहे. माझ्यात हसणारा माणूस एकच आहे, आणि तो पहारेकरी आहे.

आमच्या या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. छावणीत सर्जेरावांचं वाचनालय होतं. सर्जेराव लष्करातून निवृत्त झालेले, त्यामुळे पुस्तकं कपाटात सावधान उभी असत. त्या काळच्या वाचनालयांची एक रीत होती. नवं पुस्तक आलं की ते आधी वाचकाकडे जात नसे, बाइंडरकडे जाई. तिथं त्याचं रंगीत कव्हर काढायचं, शिवण उसवायची, पुन्हा जाड दोऱ्यानं शिवून वर पुठ्ठा चढवायचा. एखाद्याला नोकरीवर घेण्याआधी त्याची हाडं मोडून नीट बसवावीत, तसा हा प्रकार.

शहागंजातल्या सांडू बाइंडरला वाचनाचं वेड होतं. हात शिवत असत आणि डोळे वाचत असत. त्या दिवशी त्याच्यापुढे दोन पुस्तकं उसवून पडली होती. एक मी, दुसरं सर्जेरावांचंच 'लोणची आणि मुरंबे'. माझी एकतीस नंबर पहारा चुकवून भिंतीखाली येऊन उभी राहिली, सांडूचा श्वास अडकला, आणि त्याच्या हातानं पुढची सोळा पानं म्हणून शेजारच्या ढिगातली सोळा पानं उचलून मला शिवून टाकली.

तेव्हापासून माझी गोष्ट अशी आहे. मुलगी भिंतीकडे बघते. तिची छाती धडधडत असते. पान उलटावं, तर 'कैऱ्या स्वच्छ धुऊन पुसून घ्याव्यात.' मग कैरी, लिंबू, करवंद, मिरची. सोळा पानांनंतर मुलगी भिंतीपलीकडे एका झाडाखाली पेरू खात बसलेली असते.

पुंडलिक नावाचे एक वाचक होते. चिकलठाण्याच्या एका कंपनीत लेथवर होते. तेव्हा शहराच्या चारी अंगांना कारखाने उगवत होते आणि भोंग्यावर घड्याळं लावली जात होती. पुंडलिक मला डब्याच्या पिशवीतून नेत. माझ्या पाठीवरचा तेलाचा डाग त्यांच्या वांग्याच्या भाजीचा आहे. दुसऱ्याच दिवशी ते तणतणत आले.

"अहो साहेब, पोरगी भिंतीखाली उभी आन् पुढं कैरीच्या फोडी करा म्हणतंय! ती पलीकडं गेली कशी?"

सर्जेरावांनी चष्मा वर केला. "दोन पुस्तकं एका भाड्यात मिळाली. तक्रार कसली करताय?"

अशानं माझी कीर्ती झाली. काही बायका फक्त लोणच्यासाठी मला नेत आणि एकतीस नंबरकडे ढुंकून बघत नसत. मित्रांनो, तेही मी सोसलं.

मग एका पावसाळ्यात मला रामकिसन घेऊन गेले. ते छावणीच्या मागच्या वस्तीत राहत आणि कंपनीत पाळीवर जात. मला त्यांनी मुलीसाठी नेलं. मुलीचं नाव केसर. ती दहावी पास झाली होती, आणि घरात बसली होती.

बसली होती म्हणजे बसवली होती. केसरला नागसेनवनात, बाबासाहेबांनी काढलेल्या कॉलेजला जायचं होतं. चालत जावं इतकं ते जवळ. पण तिची आजी भामाबाई तिला वस्तीच्या नळापलीकडे एकटी सोडत नव्हती. विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघत होते, लाठ्या चालत होत्या, माणसं तुरुंगात जात होती. बाहेर घोषणा ऐकू आली की भामाबाई उठायची आणि दाराची कडी लावायची. याच नामांतरावरून पेटलेल्या अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत कन्नडकडचं गाव सोडून हे कुटुंब शहरात आलं, तेव्हापासून ती स्वतःही वस्तीच्या बाहेर पडली नव्हती. रामकिसन आईपुढे बोलत नसत. आणि प्रवेशाचे दिवस तर संपत आले होते.

भामाबाई उंबऱ्यात बसून ज्वारी निवडायची. केसर आत बसून मला मोठ्यानं वाचायची. पोरीचा डाव माझ्या लगेच लक्षात आला. कोंडलेल्या मुलीची गोष्ट ऐकून आजीला काही वाटावं, म्हणून ती वाचत होती. 'एकतीस नंबरनं बंद दाराकडे बघितलं' हे वाक्य तिनं तीनदा वाचलं.

"चांगली जागा हाय की," भामाबाई सुपातला खडा उडवत म्हणाली. "दोन टायमाला जेवाया मिळतंय."

"आजी, कोंडून ठेवलंय तिला!"

"पावसात तं भिजत नाय ना?"

केसरनं मला आपटलं. माझी शिवण तेव्हा वाचली, ती सांडूच्या जाड दोऱ्यामुळं.

तरी भामाबाई ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "का गं, त्या नंबरवालीला नाव नाय व्हय?"

"काढून घेतलंय."

"नाव कसं काढून घेतील? कोंबडं हाय का त्ये?"

"पुस्तकात घेतलंय."

भामाबाई बराच वेळ ज्वारी चाळत राहिली. रस्त्यावरून घोषणा येत होत्या. त्या दिवशी ती कडी लावायला उठली नाही. मग आम्ही भिंतीपाशी आलो. केसरचा आवाज बारीक झाला. मुलगी उभी आहे, छाती धडधडते आहे. आणि पान उलटल्यावर कैऱ्या स्वच्छ धुऊन पुसून घ्याव्यात.

केसर हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंडलेल्या माणसाला नेमकं तेवढंच हवं असतं हो, कसं सुटली ते.

"पुढं वाच की," भामाबाई म्हणाली.

"पुढं लोणचं आहे."

"आन् पोरगी?"

"एकदम पलीकडं. भिंतीवरून उडी मारली असेल."

"भिंतीवरनं कोण उड्या मारतंय?" भामाबाईनं सूप खाली ठेवलं. "उडी मारणारा दिसतो, पोरी. चालणारा दिसत नाय. सकाळच्या पारी निघाली असंल ती. बाया निंदायला जातात त्या टायमाला. डोक्यावर पाटी, हातात खुरपं."

केसरला वाटलं, आजी गोष्ट रचते आहे. तिनं गंमत म्हणून विचारलं, "पाटीत काय होतं मग?"

"वर शेतावरल्या बैलांसाठी चारा. खाली दोन लुगडी, आन् लुगड्यात गुंडाळून बाबासाहेबांचा फोटू. तरी कोपऱ्यात तडकलाच."

केसरनं भिंतीकडे बघितलं. मीही बघितलं. तसबिरीच्या काचेला कोपऱ्यात तडा होता.

"संगं आठ वर्साची एक पोर. तिला सांगितलं, कन्नडच्या बाजारला चाललो, शेव घेऊ. रडू नाय म्हणून. घाई करायची नाय, मागं बघायचं नाय. रोजच्यासारखं चालायचं. पारावर बसलेली व्हती ती माणसं. आदल्या दिशी त्याईनंच सांगितलं व्हतं, घरं पेटवू म्हणून. एक म्हणला, भामा, आज लवकर निघाली? म्या म्हणलं, व्हय, पाऊस यायच्या आत उरकावं म्हणलं."

"आणि त्यांना कळलं नाही?"

"कसं कळंल? घरात जातं चालू व्हतं ना. रस्त्याला ऐकू येत व्हतं. जातं थांबलं असतं, तं कळलं असतं की घर मोकळं झालं. कोणीतरी दळत बसणं भाग व्हतं."

"कोण बसलं?"

"तुझी माय."

केसरच्या आईचं नाव भागूबाई. आई दंगलीत गेली, एवढंच केसरला ठाऊक होतं. त्यापुढचं या घरात कोणी कधी बोललं नव्हतं.

"तुझा बाप तवा हितंच कामाला व्हता. भागू म्हणली, तुमी वेशीबाहेर पडा, एवढं दळून मी मागनं येते. फाट्यावर उभी राहिले दुपारपस्तोर. मंग गावाकडनं धूर दिसला." भामाबाईनं सूप पुन्हा उचललं. त्यात निवडायला काही उरलं नव्हतं, तरी ती निवडत राहिली.

केसर मला मिटून म्हणाली, "मला शेव मिळाली नव्हती. एसटीत रडले होते मी."

"लई."

मित्रांनो, मी काळोखी गोष्ट म्हणून छापलो गेलो होतो. त्या दुपारी मला माझ्या काळोखाची थोडी लाज वाटली.

"त्या पोरीला नाव ठेव," भामाबाई म्हणाली. "एकतीस काय एकतीस!"

"काय ठेवू?"

"भागू."

केसरनं पेन्सिल घेतली आणि माझ्या पानापानावर नंबर खोडून नाव लिहिलं. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, हे मलाही पटतं. पण मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाईनं पेटीतलं चांगलं लुगडं काढलं. पहिल्या पाळीला निघालेले रामकिसन सायकल धरून तसेच उभे राहिले.

"माय, तू कुठं निघाली?"

"बाजारला," भामाबाई म्हणाली. "केसर, चल."

केसरनं तिच्याकडे बघितलं आणि चपला घातल्या. दहावीच्या कागदांबरोबर मीही पिशवीत गेलो.

नळापर्यंत सगळं ठीक होतं. पुढच्या चौकात पोलीस रांगेनं उभे होते. मोर्चा यायचा होता. पिशवीतून मला दिसत नव्हतं, पण भामाबाईची पावलं थांबली ते कळलं. तिनं केसरचं मनगट इतकं घट्ट धरलं की पिशवी हलायची थांबली.

"पोरी, फिर मागं."

"आजी," केसर हळूच म्हणाली, "घाई करायची नाही. मागं बघायचं नाही. रोजच्यासारखं चालायचं."

मग पिशवी हलायला लागली. सावकाश, एका लयीत.

"ओ आजी, कुठं निघालात?" एका शिपायानं हटकलं.

"नातीला कॉलेजात घालायला," भामाबाई म्हणाली. "पाऊस यायच्या आत उरकावं म्हणलं."

केसरला प्रवेश मिळाला. येताना भामाबाईनं छावणीत शेव घेतली. केसर ती सगळ्या रस्त्यानं रडत रडत खात आली. थोडी माझ्या पानांत सांडली, अजून आहे.

मला परत करण्याआधी केसरनं भामाबाईची हकिकत जशीच्या तशी सोळा पानांवर लिहिली आणि शहागंजात सांडूकडे गेली. सांडूनं मला उसवलं, लोणचं बाजूला काढलं.

"ही पानं कोणाची?"

"हिचीच," केसरनं भागूच्या नावावर बोट ठेवलं.

सांडूनं वाचायला घेतलं. मग त्यानं वाचणं थांबवून, आयुष्यात प्रथमच, नुसतं शिवणकामाकडे बघत मला शिवलं. लोणच्याची पानं केसरनं घरी नेली. "फेकू नको," भामाबाई म्हणाली, "त्यात मोहरी बराबर सांगितलीय."

सर्जेराव रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सोळा पानं उभ्यानं वाचली आणि मला पुन्हा कपाटात लावलं, सावधान. पुंडलिकांनी मला परत नेलं. दोन दिवसांनी ते परत द्यायला आले.

"आता जमलं का?" सर्जेरावांनी विचारलं.

"जमलं," पुंडलिक म्हणाले. "आमच्या चुलतीनं भांडी अशीच आणली. चाऱ्याखाली." आणि सर्जेरावांच्याच टेबलावरची पेन्सिल घेऊन त्यांनी ते माझ्या समासात लिहिलं. पुढे आणखी कोणी लिहिलं, 'आम्ही लग्नाच्या वऱ्हाडासारखे निघालो.' कोणी लिहिलं, 'आमचं जातं तिथंच राहिलं.' माझे समास भरले.

विद्यापीठाला नाव मिळालं, त्यानंतर काही वर्षांनी वाचनालय बंद झालं. सर्जेरावांनी मला केसरच्या घरी आणून दिलं, आणि सोबत लोणच्याचं पुस्तकही. केसर तेव्हा स्वतः शिकवत होती. तिनं ते उघडलं, तर मोरावळ्यानंतर माझी हरवलेली सोळा पानं! तिनं ती थकलेल्या भामाबाईला वाचून दाखवली. त्यात चंद्र होता, वादळ होतं आणि एक लांबच लांब दोरी होती.

भामाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "दोरी?" ती म्हणाली. "आन् पहारा असताना दोरी आणली कुठनं तिनं?"

ती पानं केसरनं परत मोरावळ्यापाशी ठेवली. मला कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

मित्रांनो, आता माझा पुठ्ठा सैल झालाय आणि थोरल्या भावाची वाट बघणं मी सोडलंय. तुम्ही पुस्तकांची पानं दुमडू नका, आम्हाला आपटू नका, भाजीच्या डब्याशेजारी ठेवू नका. मात्र एखादं पुस्तक नेमक्या ठिकाणी अपुरं निघालं, तर लगेच दुकानदाराकडे धावू नका. घरात कोणी म्हातारं माणूस उंबऱ्यात गप्प बसलेलं असेल. तिथपर्यंतचं त्याला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मग थोडा वेळ पान उलटू नका.