लंबूची जागा

मी भिंतीकडेच्या वाफ्यातून बोलतोय. माझं खरं नाव रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर होतं, ती पहिल्याच पाण्यात विरघळली. आमच्या बाई मला लंबू म्हणायच्या. माणसाच्या डोक्यावरून जाणारे देठ आणि वर पिवळीधम्मक फुलं, दुसरं काय म्हणणार!

बाई शिवणकाम करायच्या. वाऱ्याने मी कलंडायचो, म्हणून त्या काठ्या रोवून मला अस्तराच्या उरलेल्या पट्ट्यांनी बांधायच्या. "सरळ उभा राहा रे मेल्या, गिऱ्हाईकं हसतील!" मापं द्यायला आलेल्या बायका आधी मलाच बघायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

थंडीत मात्र माझं वरचं सगळं वाळतं. खाली गड्डा जिवंत असतो, पण दिसते नुसती माती. चुकून कुदळ पडू नये म्हणून बाई माझ्या जागेवर एक काठी खोचून ठेवायच्या. दर तीन वर्षांनी गड्डा फोडून तुकडे शेजारीपाजारी वाटायच्या. लेकीला तेवढा दिला नाही. ती नर्स, राहायची भाड्याच्या खोलीत. "तुझं घर झालं की तुला लंबू," असं ठरलेलं.

यंदा थंडीच्या तोंडावर बाई गेल्या. महिन्याभरातच लेकीला घर मिळालं, दारापुढे हातभर मातीही. इकडे लेकाने हे घर विकायला काढलं. पोरगा गुणाचा, पण नीटनेटकेपणाची भारी हौस. घेणारे बघायला येणार म्हणून त्याने वाफा साफ केला आणि माझी काठी उपटून टाकली.

आज लेक आली, खुरपं आणि बादली घेऊन. घर विकलं गेलं होतं, चावी संध्याकाळी नव्या मालकांना द्यायची होती.

"दादा, आईचा लंबू कुठंय रे?"

त्याचं तोंड उतरलं. "इथंच काठी होती. मला वाटलं, नुसतीच काठी आहे."

"अरे देवा! विचारायचंस तरी!"

ती अंदाजाने खणायला लागली. माझ्या शेजारी पांढऱ्या फुलांचं एक बुटकं झाड झोपलेलं असतं. त्याचा गड्डा हाती लागला, तशी ती ओरडली, "सापडला!" आणि मातीसकट तो छातीशी धरून हुंदके देऊ लागली. दादाही डोळे पुसत होता.

मी जिवाचा आटापिटा केला. पण या दिवसांत साधा कोंबही फुटत नाही मला. बुटक्यालाही बाईंनीच लावलेलं, त्याच्यावर राग तरी कसा धरू?

बादली घेऊन ती गेली. आता ती त्याला काठ्या रोवेल, पट्ट्या बांधेल आणि तो उंच व्हायची वाट बघेल.

ताई, उजवीकडे वीतभरच होतो गं मी.