दुकान उघडं असताना

रमजानमध्ये मी पीत नाही. कैरोतली दारूची दुकानं महिनाभर बंद असतात, त्यात माझं कसलं कर्तृत्व? पण पंधरा वर्षं मी बायकोला हेच ऐकवत आलो, "तीस दिवस राहिलो ना? मग मी दारुडा कसा?" आणि पंधरा वर्षं ईदच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं की मी दारात हजर.

धंदा माझा न्हाव्याचा; कारागीर म्हणून सगळे मला उस्ता म्हणतात. रमजानच्या आदल्या महिन्यात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कानाला माझा वस्तरा लागला. सकाळचे दहा वाजले होते आणि माझा हात थरथरत होता. वदीअ काका त्याचं नाव, निवृत्त पोस्टमन. दुसरा कुणी असता तर आमची अख्खी शुब्रा वस्ती डोक्यावर घेतली असती. हा कानाला टॉवेल दाबून हळूच म्हणाला, "उस्ता गलाल, माझाही हात असाच हलायचा. मंगळवारी आणि शनिवारी पाच वाजता आमच्या चर्चमागच्या हॉलमध्ये ये. चहा फुकट, उपदेश नाही."

गेलो. चर्चला तीन फेऱ्या मारल्या तरी आत पाऊल पडेना. कोपऱ्यावरचा फूलवाला ओरडला, "काय उस्ता, या वयात बाप्तिस्मा घेतोस की काय?" त्या चोंबड्याला टाळायला म्हणून मी आत शिरलो. आठ पुरुष, एक बाई, गोल मांडलेल्या खुर्च्या. एकेक जण आपली लाज दुसऱ्याची असावी तशी शांतपणे सांगत होता. चारदा गेलो, ऐकून आलो.

मग रमजान लागला आणि मी जाणं बंद केलं. आता मी पीतच नव्हतो, तर सभा कशाला?

दाढीला आलेले वदीअ काका आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमचे उपास तीस दिवसांचे, आमचे पंचावन्न. म्हणजे माझी ऐट तुझ्या दुप्पट होती. पंचावन्न दिवस थेंब नाही, आणि ईस्टरला मला गटारातून काढायला दोघं लागायचे."

मी हसून विषय बदलला.

शेवटच्या आठवड्यात सना मुलीला घेऊन माहेरी, तांताला गेली. जाताना भांडली नाही, भांडायची ताकद तिच्यातही उरली नव्हती. एवढंच म्हणाली, "ईदच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी येईन. दारात वास आला तर बॅग खाली ठेवणार नाही. तशीच परत, कायमची."

ईदच्या आधी न्हाव्याला उसंत नसते. पहिला दिवस मी नुसता झोपून काढला. दुसरा दिवस शनिवार. दुपारी चारला उठलो, तोंड धुतलं, बाहेर पडलो. खरं सांगतो, मोहबिह काही नव्हता. अंगात त्राणच नव्हतं, पाय आपले सवयीने चालत होते. दारूच्या दुकानासमोर ओळखीचे तिघं रांगेत होते.

"ये उस्ता, तुझी जागा धरलीय!"

त्यातला रागब, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, डोळे पिवळे पडलेले, शेजाऱ्याला सांगत होता, "तीस दिवस राहिलो की नाही? मग मी दारुडा कसा?"

माझंच वाक्य. शब्दसुद्धा तेच.

"आलोच," म्हणालो आणि चर्चकडे वळलो.

हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला रचलेल्या. वदीअ काका एकटेच, अंगात कोट, समोर शेजारणीने दिलेले ईदचे काहक, पिठीसाखर भुरभुरलेली बिस्किटं.

"बाकीचे?"

"गावाला. ईदला कोण येतंय!"

"मग उघडलंत कशाला?"

"घरी बसलो असतो तर कुठे गेलो असतो ते मला ठाऊक आहे."

"अकरा वर्षं न पिता काढल्यावरही?"

"मी तिला सोडलं रे. तिने मला सोडलंय असं कोण म्हणालं?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "साडेपाचपर्यंत कुणी आलं नसतं तर माझं काही खरं नव्हतं. खुर्ची काढ. दोघं जमले की सभा होते."

बसलो. "मी गलाल. दारुडा. आज एकतीस दिवस—"

"दुकान बंद होतं तेव्हाचे धरू नकोस."

मला संताप आला. तीस दिवस या म्हाताऱ्याने एका फुंकरीने उडवले! उठून जावंसं वाटलं, पण जायचं कुठे तर तिथेच.

"आज पहिला," म्हणालो, आणि रडायला लागलो. लाज वाटली, पण थांबता येईना. काकांनी काहक पुढे सरकवले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सना दारात उभी राहिली. बॅग हातात, मुलगी तिच्या मागे. तिने वास घेतला, मग माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"किती दिवस झाले?" तिने थकल्या आवाजात विचारलं. बत्तीस हेच उत्तर ती धरून चालली होती.

"दोन," मी म्हणालो. "दुकान उघडल्यापासूनचे."

तिने बॅग खाली ठेवली.