किंकाळीवर चालू होणारा ट्रक

ट्रकच्या अड्ड्यावर मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. टायरवाल्याच्या पत्र्यावरसुद्धा माणसं चढून बसली होती. मधोमध ट्रकवाल्याचा जुना ट्रक, त्याच्यापुढे ट्रकवाल्याची बायको, आणि तिच्यासमोर चिमट्यात लालबुंद निखारा धरलेले निखारेबाबा.

"मार किल्ली!" बाबा गरजले.

ट्रकवाल्याने किल्ली फिरवली. ट्रक ढिम्म. दिवासुद्धा लागेना.

"याचा मेलेला थोरला भाऊ आत बसलाय!" बाबा म्हणाले. " म्हणतोय, हिच्या पायगुणानं मी गेलो. हिनं सोसलं तरच उतरेन!"

थोरला भाऊ वारला, ट्रक धाकट्याकडे आला, आणि तेव्हापासून रोज सकाळी बंद पडू लागला. नवी बॅटरी घातली तरी तेच. शेवटी त्याने तो शुद्धीसाठी बाबांच्या मठात ठेवला होता.

बाबांनी निखारा तिच्या उजव्या तळहातावर दाबला. ती किंचाळली, ट्रकवाल्याने पुन्हा किल्ली फिरवली, आणि ट्रक धडधडत चालू झाला. एकच जयजयकार झाला. ट्रकवाल्याचे डोळे भरून आले. बायकोकडे मात्र त्याने पाहिलंसुद्धा नाही.

दवाखान्यात त्याने सांगितलं, "स्वयंपाक करताना भाजलं." डॉक्टरबाईंनी त्याला बाहेर बसवलं. पडद्याआडून त्याला बायकोचा आवाज ऐकू आला. ती सगळं सांगत होती. "मी ओरडले ना, तेव्हा ट्रकच्या मागून खट् असं वाजलं."

'बायकांना काय कळतंय त्यातलं,' तो मनाशी म्हणाला.

दुसऱ्याच सकाळपासून ट्रक पुन्हा बंद पडू लागला, म्हणून धक्का मारून त्याने तो परत मठात नेऊन ठेवला. आठवड्याने बाबांनी निकाल दिला, "डावा हात राहिलाय!"

पुन्हा गर्दी जमली, पुन्हा निखारा फुलला. बायको हात मागे घेत होती. "अहो, नको ना..." ट्रकवाल्याने मान फिरवली आणि किल्ली फिरवून धरली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून जिवाच्या आकांताने किंकाळी आली, "आई गं! मेले!"

खट्! ट्रक धडधडला.

निखारा अजून चिमट्यातच होता. ओरडल्या होत्या डॉक्टरबाई.

"अहो महाराज, हात भाजायच्या आधीच भूत कसं उतरलं?" असं विचारत त्या ट्रकच्या मागे गेल्या. बाबांचा चेला बॅटरीच्या पेटीत हात घालून बसला होता. त्याला पुढचं दिसत नव्हतं. किंकाळी हीच त्याची खूण.

"हे तुमचं भूत!" डॉक्टरबाईंनी पेटीतला लाल खटका सगळ्यांना दाखवला. "बॅटरीची जोडणी तोडायचा खटका. माझ्या जुन्या ॲम्ब्युलन्सलाही मी बसवून घेतलाय. बंद केला की गाडी मेली, फिरवला की जिवंत. मठात ट्रक ठेवलात, तेव्हा बसवला यांनी."

"पण मग आधी का बंद पडायचा?" ट्रकवाल्याने विचारलं.

"आत हा गाण्यांचा टेप कधी लावलात?"

"दादा गेल्यावर. माझा मीच जोडला."

"थेट बॅटरीला जोडलात. तो रात्रभर बॅटरी पितो. रोज रात्री असा खटका बंद केला असता, तर सकाळी ट्रक बिनतक्रार निघाला असता."

आता गर्दी चेल्यावर तुटून पडली. गेल्या आठवड्यात 'अजून दाब' म्हणून ओरडणाराच सर्वांत पुढे होता. कोणीतरी चिमटा बाबांच्या हाताजवळ नेला, तसे ते गयावया करू लागले, "नको रे, भाजेल!" निखाऱ्याने भाजतं, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरबाईंनीच तो चिमटा हिसकावून फेकून दिला आणि पोलिसांना बोलावलं.

"चल घरी," ट्रकवाला बायकोला म्हणाला. "चुकलं माझं."

"ट्रक चालू झालाय ना? मग जा घेऊन," ती म्हणाली, आणि डॉक्टरबाईंच्या ॲम्ब्युलन्समधून माहेरी गेली. ती परत आली नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटंही पुन्हा सरळ झाली नाहीत.

ट्रक मात्र आता रोज सकाळी पहिल्या किल्लीला चालू होतो.

लोकहो, गाडी बंद पडली तर तारा तपासा, बॅटरी तपासा, जाणत्याला विचारा. आणि कोणी घरच्या बाईच्या तळहाताकडे बोट दाखवलं, तर आधी त्याचा चेला कुठे बसलाय ते बघा. बघायला डोळे लागतात, आणि ते त्या गर्दीत प्रत्येकाला होते.